ओवलेल्या सुया

एकट्या जिवाच्या भाताचा गंज तो केवढा, इवलंसं पातेलं! पदरानं धरला तरी चुलीवरून उतरतो. तरी आठवडा झाला, मी गरम गंज धरायचं जाड फडकं शिवून राह्यले. वर जुन्या लुगड्यांची ठिगळं, मधे घरच्या कापसाचा पातळ थर, खाली टॉवेलचा तुकडा, आणि कडेपासून आत फिरत जाणारा धावदोरा. असं फडकं जोडीनं शिवतात, एका हाताला एक. माझं एकच चाललंय, तेही लवकर संपू नये अशा बेतानं.

हे शिवणं सासूबाईंचं. तामसीजवळच्या याच घरात, याच ओट्यावर त्या बसायच्या. डोळ्यांनी अधू. घडीघडी हाक यायची, "अवं, सुई ओऊन दे वं!" मी नवी सून, सातवी पास, म्हणजे स्वतःच्या मनानं तहसीलदारच. भाकरीच्या पिठाचे हात धुवून जायचं, म्हणून चिडायची. मग अक्कल चालवली. सकाळीच दहा सुया ओवल्या आणि फडक्याच्या कडेला ओळीनं टोचून ठेवल्या.

"घ्या आई, आता दिवसभर हाक मारायचं काम नाही."

दुपारपर्यंत दहाही सुया रिकाम्या! "दोरे निसटले वं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी दाराआडून पाहिलं, तर म्हातारी एकेक दोरा हळूच ओढून बोटाला गुंडाळत होती.

एखादीला कळलं असतं. तहसीलदारीणबाईंना काय कळलं, तर म्हातारी मुद्दाम छळते. मी फडकं त्यांच्या हातातून घेतलं, माहेरहून आणलेल्या मशीनवर घरघर फिरवलं आणि आणून पुढ्यात टाकलं.

"झालं पाहा!"

त्यांनी चारही कडांवरून बोट फिरवलं. "चांगलं झालं," म्हणाल्या. मग रिकामे हात मांडीवर ठेवून रस्त्याकडे बघत बसल्या. त्यानंतर सुईसाठी हाक कधी आली नाही. मी खूश! भाकऱ्या वेळेवर होऊ लागल्या ना.

आता घरधनी गेले, मुलगा मंचेरियलला खाणीत नोकरीला. ओट्यावर मी. शेजारच्या घरी मुधोळची नवी सून आली आहे. आज भिंतीवरून तिला हाक मारली, "अवं पोरी, सुई ओऊन दे वं!"

"काऊन आजी? ऑपरेशन झालं ना तुमच्या डोयाचं?"

"एकाच डोयाचं झालं. सुईला दुसरा लागते."

हसत आली. दोघींनी मिळून तिच्या सासूच्या पातळ चहाला नावं ठेवली. मग फडकं उलटसुलट करून म्हणाली, "आणा इकडं, माझ्या मशीनवर दहा मिनिटांत मारून देते."

फडकं ओढून मी मांडीखाली सरकवलं. "लई जाड हाय माय. मशीनची सुई मोडंल."

"बरं, ऱ्हाऊ द्या." तिनं डब्यातल्या पाच सुया काढल्या, भराभर ओवल्या आणि माझ्या पदराला ओळीनं टोचल्या. "घ्या आजी, आता उद्यापर्यंत चिंता नाही."

तिचं फाटक वाजल्यावर मी चार दोरे ओढून काढले, बोटाला गुंडाळले. पाचवा राहू दिला. उद्यापर्यंत दोन बोटं तरी शिवण पुढं सरकलेली दिसायला पाहिजे. पोरगी हुशार आहे, दाराआडून पाहायची एखाद वेळी.