गिलाव्याशिवायची भिंत

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण सदऱ्याच्या खिशात कायम दोरी आणि पितळी वजन घेऊन फिरणाऱ्या गवंड्याला लोकांनी दुसरं काय म्हणावं? भिंत केसाएवढी कलली तरी याला चैन पडायचं नाही. एकदा तर मेव्हण्याच्या घराची छातीभर चढलेली भिंत बोटभर बाहेर गेली म्हणून यानं स्वतःच्या हातानं पाडली. मेव्हणा वर्षभर बोलला नाही. ते वर्ष फार निवांत गेलं, असं ओळंबा अजून सांगतो.

तीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधली आणि स्वतः मात्र तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं. त्यात बायकोचे गुडघे गेले. जिना चोपन्न पायऱ्यांचा. वर्षभरात ती चारदा खाली उतरली, त्यातही तीनदा डॉक्टरकडे. म्हणून यानं गल्लीच्या टोकाला जमिनीचा एक चिंचोळा तुकडा घेतला. एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला नियमानं सोडायची मोकळी जागा, मध्ये जमिनीलगत दोन खोल्या. नगरपालिकेची तेवढी परवानगी मिळायची बाकी होती.

त्यातच चौदा महिने गेले. आधी साहेब रजेवर. मग नकाशाच्या प्रती कमी. मग साहेबाची बदली झाली, आणि नव्या साहेबानं फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली, तीही जणू महिन्याला एक पान अशा बेतानं. ओळंबा कामावरची हजेरी बुडवून कचेरीतल्या बाकावर बसे आणि साहेबाच्या पाठीमागची भिंत बघत राही. ती कललेली आहे, हे त्याला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

शेवटी साहेबानं बोलावलं.

"मिस्त्री, बाजूला दीड मीटर मोकळं हवं. तुमचं दोन सेंटीमीटर कमी भरतंय."

"कमी कसं भरेल? मी स्वतः जागेवर आखून मोजलंय. विटेपासून कुंपणापर्यंत दीड."

"तिथंच चुकलात. आम्ही गिलाव्यापासून मोजतो."

आता, गवंडी कुठलाही घ्या, तो विटेपासूनच मोजणार. गिलावा म्हणजे त्याच्या लेखी भिंतीचा सदरा. माणसाची छाती सदऱ्यासकट कोण मोजतं?

"बरं, भिंत तेवढी आत घेतो."

"घ्या की. मग खोली नियमापेक्षा अरुंद होईल. तीही नामंजूर."

"बाहेर नाही, आतही नाही. मग भिंत काय डोक्यावर घेऊन उभा राहू?"

"आवाज खाली, मिस्त्री."

ओळंब्यानं खिशातून दोरी काढली, खुर्चीला वळसा घालून पाठीमागच्या भिंतीला हात पोचेल तेवढ्या उंचीवर धरली आणि वजन सोडलं. खाली ते भिंतीपासून चांगलं अंगठाभर दूर लोंबकळत राहिलं. सगळ्या टेबलांवरची पेनं थांबली.

"हिला कुणी परवानगी दिली, साहेब?"

साहेबाचे कान लाल झाले. "फाइल घेऊन जा," तो म्हणाला.

त्या दिवशी ओळंबा जिना असा आपटत चढला की दोन मजल्यांवरची दारं उघडली. घरात बायको कांदा चिरत होती. यानं साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला, पाणी प्यायला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"अहो, झालं का?" ती म्हणाली. "त्या अंगाला गिलावा केलाच नाही तर?"

"अगं, गवंड्याच्या घराला गिलावा नाही? लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत. मला खाली उतरायचंय."

दुसऱ्या दिवशी नकाशावर एक ओळ वाढली: या बाजूस बाहेरून गिलावा नाही. गिलावा केलाच पाहिजे असा नियम साहेबानं अर्धा तास शोधला. सापडला नाही. मग सही केली, कागद फाटेल इतकी दाबून.

ओळंब्यानं त्या भिंतीसाठी एकेक वीट वाजवून घेतली, सांधे सिमेंटनं घट्ट भरले. पुढची बाजू आरशासारखी गुळगुळीत केली. ही मात्र उघडी. बायको आता दोन पायऱ्या उतरून गल्लीत जाते, भाजी स्वतः निवडून आणते.

घर झाल्यावर साहेब टेप घेऊन तपासायला आला. दीड मीटर भरलं, तंतोतंत.

"छान झालंय," तो म्हणाला. "पण मिस्त्री, एवढी एक बाजू बरी दिसत नाही. गिलावा कधी करताय?"

"कचेरीत तुमच्या पाठीमागची भिंत सरळ झाली की."

आतून बायको म्हणाली, "अहो, साहेबांना पाणी तरी विचारा."

ओळंब्यानं विचारलं नाही.