भिंतीवरची तेलकट रेघ

दाजींचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. हौस म्हणून नाही. पुट्टीचा पहिला हात उजाडायच्या आत बसला तर दुपारी घासता येतो, आणि दुपारी घासून झाली तरच भिंत संध्याकाळी रंग घेते. उशिरा उठणाऱ्या रंगाऱ्याचा अख्खा दिवस फुकट जातो आणि तो दोष हवेला देतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. धंद्याने रंगारी, पण विकायला काढलेली घरं तयार करून देणं हे त्यांचं खरं काम. दलालाकडे एखादं घर पडून राहिलं, गिऱ्हाईक येऊन नाक मुरडून जायला लागलं, की दाजींना बोलावणं यायचं. मी उमेदीची सगळी वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. घासणं माझं, रंगवणं त्यांचं. घासण्याला रंगवण्यापेक्षा दुप्पट कष्ट असतात. लोक उलटं समजतात, कारण रंग दिसतो.

"मेहुणे, ती पत्ती आहे, पेन नव्हे," दाजी घोडीच्या शिडीवरून ओरडायचे. "सही नका करू भिंतीवर. खरवडा!"

"तुमची बहीण दिली असती ना मला, तर हात चालला असता," मी म्हणायचो.

"बरं झालं नाही दिली. तिच्या घराला अजून प्लास्टर झालं नसतं."

कामाची त्यांची एक रीत होती. पहिल्या पायरीला ते म्हणायचे, माणूस काढणं. "आधी माणूस काढा, मग घाण काढा, मग रंग." माणूस काढणं म्हणजे त्या घरात कोण राहत होतं याची खूणसुद्धा ठेवायची नाही. फोटो उतरवायचे, खिळे उपटायचे, भोकं बुजवायची. दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजलेल्या पेन्सिलच्या खुणा असतात, त्या घासायच्या. पलंगाच्या डोक्याशी भिंतीला तेलाचा डाग असतो, आरामखुर्चीच्या पायांनी फरशीवर चरे पडलेले असतात, नेहमी उघडायच्या खणाची मूठ झिजलेली असते. ती बदलायची. निम्मं सामान बाहेर न्यायचं म्हणजे खोली मोठी दिसते. मग भाड्याचा सोफा, पांढरी चादर, खिडकीसमोर आरसा. बिजागरीत तेल. दार कुरकुरलं की गिऱ्हाईक छताकडे बघतं, असं दाजी म्हणायचे, आणि छताकडे बघितलं की ओल दिसते.

"घर घेणाऱ्याला घर नको असतं हो," ते मला समजावायचे. "त्याला रिकामी जागा हवी असते, स्वतःला ठेवायला. आधीचा माणूस दिसला की त्याला पाहुण्यासारखं वाटतं. पाहुणा घर विकत घेत नाही."

हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की मला पाठ झालं होतं.

त्यांचं स्वतःचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मधला अरुंद बोळ. रंगाऱ्याचं घर बिनरंगाचं असतं, तसंच ते होतं. ताई लग्न होऊन तिथेच आली आणि एकुलती एक लेकही तिथूनच सासरी गेली, दूर. बोळातल्या भिंतीवर, झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत, कमरेच्या उंचीवर एक काळपट तेलकट रेघ होती. ताईची सवय. येता-जाता तिचा हात भिंतीवरून घसरत असायचा. कधी कणकेचा, कधी तेलाचा, कधी नुसता घामाचा.

"लोकांच्या भिंती चकाचक करतो आणि माझ्या घरात ही गाडीवाट," दाजी कुरकुर करायचे.

"तुमच्या रंगाला धरायला तरी काही नको का?" ताई म्हणायची.

मग ताईचं विसरणं सुरू झालं. आधी शब्द गेले, मग वार, मग माणसं. मला ती बारक्या म्हणायची. पुढे मी कोण हे तिला सांगावं लागायला लागलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि औषध लिहून दिलं, पण उतार पडेल असं म्हणाले नाहीत. दाजींना एकाच गोष्टीचा आधार होता. घरात ताई चुकत नव्हती. रस्त्यावर नेली तर घाबरून दाजींच्या सदऱ्याला धरायची, पण घरात पाऊल टाकलं की सरळ स्वयंपाकघरात जायची, चहाचं आधण ठेवायची, कपाटातून बरोबर साखरेचा डबा काढायची. नवऱ्याचं नाव आठवत नसताना साखर सापडायची. "घर आहे तोवर ती आहे," दाजी म्हणाले होते मला.

अडचण जिन्याची होती. ताईचे गुडघे गेले; सपाटीवर चालायची, पायऱ्या जमत नव्हत्या. दवाखान्यात न्यायचं तर दाजी तिला पाठीवर घेऊन उतरायचे आणि पाठीवर घेऊन चढायचे. सिमेंटची गोणी उचललेला माणूस. पण गोणी गप्प असते. ताई वाटेत हसायची, म्हणायची, "अहो भाऊ, उतरवा, लोक काय म्हणतील!" एकदा मधल्या वळणावर दाजींची पाठ धरली आणि दोघं तिथेच बसून राहिले, शेजारी येईपर्यंत. त्यानंतर तळमजल्यावरचं घर घ्यायचं ठरलं. त्यासाठी हे विकायचं, आणि चांगलं विकायचं. तळमजल्याला मागणी असते.

दलाल येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, "काका, तुम्हाला मी काय सांगणार? लोहाराला कोळसा दाखवण्यासारखं आहे."

दाजींना ते आवडलं. इतरांची घरं आयुष्यभर सजवली, आता स्वतःचं दाखवतो म्हणाले. धूळ ताईच्या छातीत जायला नको म्हणून तिला माझ्या घरी ठेवलं. माझ्याकडे ती अंग चोरून बसायची, पाण्यालासुद्धा हात लावायची नाही. "मला घरी कधी सोडणार?" एवढंच विचारायची. माझी बायको म्हणायची, "सोडतो हं ताई, रंग वाळला की."

दाजी पहाटे साडेचारला उठत होते तसेच उठले आणि रीतीप्रमाणे माणूस काढायला लागले. मी होतोच. लग्नातला फोटो उतरवला. कपड्यांच्या खुंट्या, चहाच्या गाळणीचा खिळा, खिडकीच्या गजाला बांधलेली चिंधी, सगळं काढलं. स्वयंपाकघरातले डबे उचलून खोक्यात भरले आणि फळीवर काचेच्या बरण्या मांडल्या, रिकाम्या. बोळातली रेघ त्यांनी माझ्याकडे दिली नाही. तेलकट डाग वरवर रंगवला तर आठवड्यात पिवळा होऊन वर येतो. आधी सोड्याने धुवायचा, मग पॉलिश पेपरने घासायचा, मग डाग दाबणारा खास प्रायमर, मग पुट्टी, पुन्हा घासणं, मग रंगाचे दोन हात. दाजींनी यातलं काहीही गाळलं नाही. वाकून वाकून पाठीला पट्टा बांधला आणि तरी गाळलं नाही. शेवटी तिरपा दिवा धरून भिंत पाहिली. नजर कुठेच अडली नाही.

"बोला मेहुणे," ते म्हणाले. "आहे कुठे?"

नव्हतीच. इतकं स्वच्छ काम मी त्यांच्या हातून त्याआधी पाहिलं नव्हतं.

ताईला दुपारी घेऊन आलो. दोघांनी मिळून खुर्चीत बसवून वर चढवली. दार उघडलं, बिजागरी वाजली नाही. ताई आत आली आणि उंबऱ्याशी थांबली. चपला काढून भिंतीशी नीट जोडीने ठेवल्या, पाहुणे ठेवतात तशा.

"ये की गं," दाजी म्हणाले.

"मालक आहेत ना घरात?" तिने हळूच विचारलं.

दाजी हसले. थकल्यामुळे असं बोलते, म्हणाले. तिला झोपायच्या खोलीत नेलं, पडायला सांगितलं. थोड्या वेळाने ती उठून बोळाच्या तोंडाशी आली. तिचा हात आपोआप भिंतीकडे गेला, गुळगुळीत रंगावर टेकला, आणि तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग ती तिथेच उभी राहिली. स्वयंपाकघर पाच पावलांवर, दार उघडं, आतला ओटा दिसत होता. तिला जाता आलं नाही. उभी राहून राहून तिने लुगडं ओलं केलं.

तेव्हा दाजींना कळलं. तिला बसवलं, पुसलं, लुगडं बदललं. मग स्वयंपाकघरात जाऊन तळहाताला तेल चोळलं, तव्याची काजळी लावली, आणि बोळातल्या भिंतीवरून, कमरेच्या उंचीवर, हात ओढत निघाले. एक फेरी, दुसरी फेरी. नव्या रंगावर ओला, चकाकणारा पट्टा उठला. जुन्या रेघेसारखा तो कुठल्याच बाजूने दिसत नव्हता. ती रेघ पुसायला मालमसाला मिळतो, करायला मिळत नाही.

ताई सोफ्यावरून बघत होती. "अहो," ती घाबरून म्हणाली, "लोकांच्या घराची भिंत कशाला घाण करताय? बोलतील ना आपल्याला!"

दाजी थांबले. फडकं सोड्यात बुडवून त्यांनी तो पट्टा पुसून काढला. मी म्हणालो, "दाजी, नका विकू. फोटो परत लावू, डबे परत मांडू. बघू सवय होते का."

"न विकून काय करू?" ते म्हणाले. "घर तर गेलंच की. आता जिना तेवढा उरलाय."

तरी आम्ही डबे मांडून पाहिले. ताईने हात लावला नाही. लोकांच्या डब्यांना कोण हात लावतं?

गिऱ्हाईक आलं, नवराबायको, तरुण. दलाल पुढे पुढे. ताई भाड्याच्या सोफ्याच्या कडेला पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्या मुलीला जवळ बोलावलं.

"तुम्ही पण बघायला आलात?" ती म्हणाली. "आम्ही पण बघायलाच आलोय. घर बरं आहे. उजेड आहे. पण कुणी राहिल्यासारखं वाटत नाही, नाही का?"

"हो ना, अगदी नवंकोरं वाटतं!" मुलगी खूश होऊन म्हणाली. आणि नवऱ्याच्या कानाला लागली. आपल्याआधी दुसरे कुणी घर घेतात की काय, अशी भीती दोघांना वाटली. त्यांनी घासाघीस केलीच नाही, मागितली ती किंमत कबूल केली आणि तिथल्या तिथे बयाणा दिला.

जिन्यात दलालाने दाजींचा हात धरला. "काका, काकूंनी काय डाव टाकला! मानलं! आधी ठरवलं होतं का?"

"नाही," दाजी म्हणाले. "तिला जे वाटलं ते बोलली."

तळमजल्याचं घर मिळालं. दोन छोट्या खोल्या, मधे बोळ, पुढे-मागे दार, पायरी एकच. दाजींनी तिथे ब्रश लावला नाही. आधीच्या लोकांचे डाग, खिळे, पोरांच्या रेघोट्या, सगळं तसंच ठेवलं. लग्नातला फोटो लावला, खुंट्या ठोकल्या. ताई भिंतीला हात लावेल म्हणून महिनोन्‌महिने वाट पाहिली. ती बोळाच्या मधोमध चालते, दोन्ही हात पदरात गुंडाळून. सकाळी उठली की चादरीची घडी करून उशाशी ठेवते आणि "तुम्हाला फार त्रास दिला" म्हणते. जेवायला बसा म्हटल्याशिवाय बसत नाही. लेक येऊन राहून गेली, तिलाही "बाई, तुमच्या हाताला चव आहे" म्हणाली. लेक न्हाणीघरात जाऊन रडली आणि परत गेली. तिलाही संसार आहे.

संध्याकाळ झाली की ताई पिशवी उचलते. "चला, उशीर झाला. घरी जाऊ." हेच घर आहे असं सांगितलं की रडते, ओढाताण करते. एकदा दाजींच्या हाताला चावली. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तर दिवसभर मान टाकून पडायला लागली. दाजींनी ती गोळी बंद केली.

घर विकून वर उरलेले पैसे तपासण्या आणि औषधं खाऊन गेली. म्हणून दाजी पुन्हा कामाला जातात. घोडीवर चढवत नाही, त्यामुळे खिडकीच्या खालची भिंत तेवढी घासतात, एका तरुण ठेकेदाराकडे रोजावर. मी निवृत्त झालो, ते होऊ शकले नाहीत. तो पोरगा त्यांना म्हणतो, "आजोबा, जरा भरभर." ते भरभर करत नाहीत. भिंत जेवढी मागते तेवढंच घासतात.

त्या रोजातून एक बाई ठेवली आहे. पूर्वी दवाखान्यात आया होती, अंगाने दणकट, बोलायला गोड. तिचं मुख्य काम संध्याकाळचं. ताईने पिशवी उचलली की ती म्हणते, "चला काकू, मी सोडते तुम्हाला घरी." मागच्या दाराने तिला बाहेर नेते, शिंप्याच्या दुकानापर्यंत चालवते, गल्लीला वळसा घालते आणि पुढच्या दाराने परत आणते. दाजी तोवर हातपाय धुऊन दारात उभे असतात. "आलीस?" म्हणतात.

कधीतरी ताई म्हणते, "आले बाई एकदाची," आणि आत येऊन बसते. असं क्वचित होतं. बहुतेक वेळा ती उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार करते, म्हणते, "नको, आत येत नाही, घरी वाट बघत असतील." मग बाई तिला पुन्हा फिरवून आणते. दाजींची मजुरी या फेऱ्यांना पुरते.