दोन सह्यांची मार्कशीट

बेरीवान या कुर्दी मुलीवर अन्याय झाला तो मंगळवारी सकाळी साडेअकराला, पुण्यातल्या एका कॉलेजच्या प्रवेशाच्या खिडकीवर. मी शेजारीच उभा होतो. तिच्या बारावीच्या मार्कशीटवर मुख्याध्यापकांच्या दोन सह्या आहेत, एक बाईची, एक पुरुषाची. उत्तर सीरियातल्या तिच्या स्वायत्त भागात शाळेपासून नगरपालिकेपर्यंत प्रमुखपद असं दोघांनी मिळून सांभाळायचं असतं.

“एका शाळेला दोन हेडमास्तर? त्यातला खरा कोण?” खिडकीतल्या काकांनी विचारलं.

“दोघंही खरे, काका.” वर्षभरात तिनं एवढं मराठी कमावलंय.

काका हसले. “आम्हाला एकच झेपत नाही, बाई!” मग त्यांनी मान्य बोर्डांची यादी पाहिली. तिच्या भागाचं बोर्ड त्यात नव्हतं. कागद परत आला. कोपरे दुमडू नयेत म्हणून तिनं तो दोन्ही हातांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत सरकवला.

आमच्या गावात सरपंचबाई निवडून येतात आणि सही त्यांचे यजमान ठोकतात. तो कागद बिनबोभाट मंत्रालयापर्यंत जातो. बाई आणि पुरुषानं शेजारी बसून केलेली सही मात्र खिडकीतच अडते. मी चळवळीत घोषणा लिहितो, पत्रकं वाटतो. पण इथे शिव्या तरी कुणाला घालायच्या? काका वाईट नव्हते, आणि यादी करणारा तिथे नव्हता.

प्रवेश शुक्रवारी बंद होतायत. तुम्ही कुठल्याही कॉलेजच्या प्रवेश समितीवर असाल, तर तिला बोलवा, समोर बसवून गणितं घाला, आणि ती काय सोडवते ते बघून ठरवा.