चालीतलं थांबणं

मुकुंदवाडीत बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलं नाही. पेटीतली सुराची पितळी पट्टी काढून ते ओठांत धरायचे, हळूच फुंकायचे, ब्लेडनं किंचित खरवडायचे आणि पुन्हा फुंकायचे.

कॉलेजच्या गाण्याच्या स्पर्धेत स्वतः बांधलेली चाल लागायची. दुरुस्तीला दिलेली पेटी न्यायला गेलो, तेव्हा मी माझी चाल त्यांना वाजवून दाखवली. पहिली ओळ संपताच दुसरी त्यांनीच गुणगुणली.

"तुझी व्हय ही? आमच्या गावच्या बाया गायच्या की रं!"

माझा चेहरा उतरला. आई कापूस वेचताना हेच गुणगुणते, हे मला तेव्हा आठवलं.

"पण मधी थांबलास, ते कुठलं?"

"तिथं आई ओटीतला कापूस दाबते. म्हणून थांबते."

काकांनी ब्लेड खाली ठेवलं. "ते मी कुठंच ऐकलं नाय. नवं तेवढंच असतंय लेकरा, पण तेवढं लई झालं."

स्पर्धेच्या फॉर्मवर 'चाल' या शब्दापुढं मी आईचं नाव लिहिलं.

"इथं तुझं नाव हवं, नाहीतर बाद होशील," फॉर्म घेणारे सर म्हणाले.

मी पेन हातात घेतलं, पण आईचं नाव काही खोडलं नाही.