फेडर खाली होता

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींना हसणारी बाई. आमच्या चाळीत कुणाला काही 'दिसलं' की मी आधी चष्म्याचा नंबर विचारते. तरीही हे लिहितेय...

परळच्या एका कॉलेजात तिसऱ्या मजल्यावर आमचं छोटं रेडिओ स्टेशन आहे. रेंज जेमतेम शीव ते चिंचपोकळी, ऐकणारी बहुतेक कॉलेजची पोरं. संध्याकाळी पाचचा शो तीन वर्षं माझा होता. मग श्रेया आली — शीव कोळीवाड्याची, एकोणीस वर्षांची, हसली की सगळा स्टाफ हसायचा. स्टेशन बघणारे सर मला म्हणाले, "शुक्रवारी तिला ट्राय करू. जमलं तर पाचचा स्लॉट तिलाच. तू बोर्ड सांभाळ."

म्हणजे ती काचेपलीकडे माइकसमोर आणि मी अलीकडे बटणं दाबत! नुसता जळफळाट झाला माझा. खोटं कशाला बोलू?

त्या शुक्रवारी मी तिच्या माइकचा फेडर वर केलाच नाही. ती सरकती पट्टी खाली असली की आवाज बाहेर जात नाही. तिला हेडफोनमध्ये स्वतःचं बोलणं ऐकू येत होतं, त्यामुळे तिला काही कळलं नाही. सरांना सांगणार होते — माइकपासून लांब बसते, आवाजच उचलला जात नाही तिचा. तेवीस मिनिटं ती हातवारे करत बोलली, मध्येच डोळे पुसले. माझ्या स्पीकरवर फक्त मागे लावलेली बासरी.

मग स्टेशनच्या व्हॉट्सॲपवर धडाधड मेसेज. म्हटलं, झाली तक्रारींना सुरुवात. पहिलाच मेसेज अँटॉप हिलच्या एका मुलाचा — "दीदी, माझी पण केटी लागलीय, एका विषयात नापास झालोय. तुझं ऐकून आत्ता घरी सांगून टाकलं."

मी फेडर पुन्हा पाहिला. खालीच होता. श्रेया बाहेर आल्यावर विचारलं, "कशावर बोललीस गं?"

"माझ्या केटीवर... जास्त झालं का ताई?"

आमचं प्रसारण आपोआप रेकॉर्ड होतं. ते लावून पाहिलं. तेवीस मिनिटं बासरी. बाकी काही नाही.

घरी आले तर आई रेडिओजवळच बसलेली. "काय बोलला गो ता चेडू, ता श्रेया! तुझा नाव घेतल्यान. म्हणाला, काचेपलीकडे ताई आसा, म्हणान माका भीती वाटणा नाय."

मी न जेवताच झोपले.

स्लॉट श्रेयाला मिळाला. हे कसं घडलं, मला आजही माहीत नाही. इंजिनीअरला विचारायचं तर आधी फेडरचं कबूल करावं लागेल, आणि तेवढी हिंमत माझ्यात नाही. स्लॉटचं आता काही वाटत नाही. हेवा वाटतो तो त्या दिवशी रेडिओ लावून बसलेल्या प्रत्येकाचा. ती माझ्याबद्दल बोलत होती, आणि ते ऐकू न आलेली मी एकटीच.