माडही पांढरे झाले होते

आभार मानायची मला सवय नाही. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहितेय आणि पत्रकात आभाराला जागा नसते. तिथे 'जाब द्या', 'गप्प बसणार नाही' एवढंच असतं. तरी वसईजवळच्या गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात बसणाऱ्या ताईंचे आभार मला मानायचेत, आणि ते मानायचे तर आधी माझा गाढवपणा सांगावा लागेल.

वसईच्या पश्चिमेला वाड्यांमध्ये बावखलं आहेत. बावखल म्हणजे वाडीतलं जुनं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि उन्हाळ्यात आजूबाजूच्या बागा नि विहिरी त्यावर जगतात. एका काकांच्या वाडीला लागून असलेलं बावखल पलीकडच्या काठाने बुजवत आणलं होतं. डंपर यायचे, पाडकामाचं डेब्रिज ओतायचे, चार दिवस दम खायचे, पुन्हा यायचे. तक्रार केली की पलीकडच्या जागेवाल्यांचं एकच उत्तर, 'काठ पूर्वीपासून तिथेच आहे.' मोबाइलवरचे फोटो दाखवले तर म्हणे, 'झूम केलंय.' किती निर्लज्जपणा!

म्हणून मी एक जुनी लेन्स घेतली. सगळी धातूची, हाताने फिरवायची, झूम नावाची भानगडच नाही. ठरवलं, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काकांच्या बांधावरच्या एकाच दगडावर उभं राहून याच लेन्सने फोटो काढायचा. काठ कुठे होता आणि कुठे आला, ते फोटोच सांगतील. लेन्सची फोकसची रिंग जरा ढिली होती. ती हलली तर समोरचे पुन्हा काहीतरी खुसपट काढतील, म्हणून मी ती चिकटवून टाकली. तोच तो, बोटं चिकटवणारा गोंद. दर महिन्याला तपासायचे आणि फटीत आणखी दोन थेंब सोडायचे. पुरावा पक्का हवा ना.

चौथ्या-पाचव्या फोटोपासून पाणी फिकट दिसायला लागलं. सातव्यात तर दुधट. मी पेटलेच. पहिला आणि सातवा फोटो शेजारी शेजारी छापून पत्रक काढलं, 'बावखलात रसायन! पाणी मेलं!' एव्हरशाईन सिटीत मी राहते, तिथल्या प्रत्येक बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये ते लावलं. काका म्हणाले, "पानी बरं हाय गो पोरी. मी रोज हात घालतो त्यात."

मी म्हटलं, "काका, तुम्हाला सवय झालीय म्हणून दिसत नाही."

खरं तर डोळ्यांनी बघितलं तर पाणी हिरवंच होतं. पण मला तोवर डोळ्यांपेक्षा फोटो खरा वाटायला लागला होता.

हेच काका रोज सकाळी आमच्या गेटबाहेर अळू, केळी आणि सोनचाफा घेऊन बसायचे. पत्रक लागल्यावर त्यांच्या पाटीतलं अळू दुपारपर्यंत तसंच राहायला लागलं. एक बाई माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या, "त्या विषारी पाण्यावरचं ना? नको बाबा." काकांनी जुडी परत पाटीत ठेवली. मला राग आला, पण तो डंपरवाल्यांचा आला. बघा, म्हटलं, गरीब बागायतदाराची काय दशा केली यांनी.

आठव्या महिन्यात लेन्समधून नुसतं पांढरं दिसायला लागलं. आणि नेमकी त्याच आठवड्यात, गुरुवारी, बावखलाची पाहणी ठरली. तलाठी येणार, पालिकेचे साहेब येणार. त्याआधी आठवा फोटो हवा होता, त्याच लेन्सने, नाहीतर आधीचे सातही वाया. स्टेशनजवळच्या दुकानदाराने लेन्स बघितली आणि म्हणाला, "फेकून द्या मॅडम, नवी घ्या." मी त्याला फेकाफेकीच्या संस्कृतीवर चांगलं दहा मिनिटं सुनावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि एका कागदावर गोखिवऱ्याचा पत्ता लिहून दिला. मला दुकानाबाहेर काढण्याचा तोच एक मार्ग त्याला दिसला असावा.

पत्त्यावर एक अरुंद गाळा होता, एका बाजूला खोक्यांचा कारखाना, दुसऱ्या बाजूला लेथ मशीन. आत पन्नाशीच्या ताई. शाळांचे आणि पॅथॉलॉजी लॅबचे मायक्रोस्कोप दुरुस्त करतात. मी आधी पत्रक त्यांच्या हातात दिलं, काम किती महत्त्वाचं आहे ते कळावं म्हणून, मग लेन्स दिली.

"कुठे ठेवतेस गं ही?"

"कपाटात. पण आपल्याकडची हवा खारी, त्यात डंपरची धूळ. त्या धुळीबद्दल मी दोनदा अर्ज..."

"मी फक्त कपाट विचारलं."

त्यांनी लेन्समधून टॉर्च मारला. "बुरशी नाही. बुरशीला फांद्या फुटतात. हे वाफेसारखं बसलंय." मग नखाने रिंगची कड खरवडली. "गोंद कुणी लावला?"

"मी."

"किती?"

"दर महिन्याला दोन थेंब."

ताई हसायला लागल्या. लेथवरचा माणूस डोकावून गेला इतक्या हसल्या. "अगं बाई, त्या गोंदाची वाफ होते. बाहेर जायला वाट नाही मिळाली की काचेवर जाऊन बसते. पांढरी. महिन्याच्या महिन्याला तूच रंगवत होतीस हिला."

ताईंनी पत्रक पुन्हा उचललं, चष्मा खाली ओढला. "हे पाणी मेलं म्हणतेस?"

"हो."

"आणि हे माड?"

"माडांचं काय?"

"पहिल्या फोटोत काळेहिरवे आहेत. सातव्यात पांढरे. माडातही रसायन ओतलं का त्यांनी?"

आठ महिने मी ते फोटो बघत होते. माड मला दिसलेच नव्हते. तरी मी हेका सोडला नाही. म्हटलं, "पण पाण्यात रसायन असूही शकतं ना?"

"असेल. मग पाणी बाटलीत भरून तपासायला दे. हा फोटो ते सांगत नाही. तुला जे वाटत होतं ते तू त्याच्या तोंडी घातलंस." त्यांनी कागद बाजूला सारला. "कुणी अळूबिळू लावतं का तिथे?"

मी हो म्हटलं. का कुणास ठाऊक, काकांची पाटी त्यांना सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग आधी त्यांच्याकडे जा."

काठाचं काय, तोही खोटा का, हे विचारताना माझा आवाज बारीक झाला होता. ताईंनी पट्टी घेतली, डाव्या माडाच्या बुंध्यापासून काठापर्यंत पहिल्या फोटोत मोजलं, मग सातव्यात. "पुसट झालाय, पण सरकलाय तो सरकलाच आहे. धुक्याने काठ पुढे येत नाही. हे तुझं खरं आहे. एवढंच सांगायचं होतंस."

मग त्यांनी लेन्स उघडली. उघडण्याआधी रिंगवर सुईने एक बारीक रेघ ओढली, जुळवताना फोकस जिथे होता तिथेच यावा म्हणून. पुढची कडी फिरवायला त्यांच्याकडे बाटलीचं रबरी बूच होतं. प्रत्येक काच वेगळ्या बशीत, काढली त्या क्रमाने. नेलपेंट काढायच्या द्रवाचा वास गाळाभर पसरला. एकेक काच त्यांनी किती वेळा पुसली, मी मोजलं नाही. दर वेळी टॉर्चसमोर धरायच्या, मान हलवायच्या, पुन्हा पुसायच्या. दुपार गेली. मला एकदाही त्यांनी 'उद्या ये' म्हटलं नाही. शेवटी लेन्स हातात दिली आणि म्हणाल्या, "रिंग हलू नये तर कापडी पट्टी गुंडाळ. गोंद घेऊन पुन्हा आलीस तर बूच तुझ्या तोंडाला लावीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी वाडीत गेले. दगडावर उभी राहिले, फोटो काढला. पाणी हिरवं, माड काळेहिरवे, आणि पलीकडचा काठ आणखी हातभर अलीकडे. काकांना कॅमेऱ्यातच दाखवलं आणि सगळं सांगितलं, गोंदापासून. त्यांनी फोटो नीट बघितला. मग म्हणाले, "मी सांगत होतो तवा कोनी ऐकलं नाय. आता काच बोलली तर ऐकतेस." एवढंच. त्यांनी मला केळी दिली. त्या दिवशी ती खाणं सोपं नव्हतं.

त्याच संध्याकाळी नवं पत्रक लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा 'चूक माझी' असं छापलं. लिफ्टमधली जुनी पत्रकं स्वतः काढली, प्रत्येक दार वाजवलं. चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आधी विष म्हणतेस, आता नाही म्हणतेस. उद्या काय म्हणशील?"

"उद्याही हेच," मी म्हटलं. त्यांनी दार लावून घेतलं. मला राग यायला हवा होता; आला नाही. त्यांचं बरोबर होतं.

तलाठ्यांनाही तसंच पत्र दिलं. दुधट रंग लेन्सच्या काचेवरचा, पाण्याबद्दलचा आरोप मागे, काठ डाव्या माडापासून मोजावा.

गुरुवारी पलीकडच्या जागेवाल्यांचा माणूस फाइल घेऊन हजर होता. फाइलमध्ये माझं जुनं पत्रक आणि पाणी स्वच्छ असल्याचा लॅबचा रिपोर्ट. "या मॅडम खोटं छापतात साहेब," तो म्हणाला, "यांचा एकही फोटो..."

"ते त्यांनी स्वतःच लिहून दिलंय," तलाठी म्हणाले. "तुम्ही टेप धरा."

त्याने टेप धरली. आठवडाभर आधी मी इथे काय छाती काढून उभी राहिले असते! त्याने दोन वाक्यांत मला संपवलं असतं आणि माझ्यासोबत तो काठही. ताईंनी मला त्यातून वाचवलं. नुसती काच पुसून देऊन गप्प बसल्या असत्या तरी त्यांचं काम झालं असतं. त्या गप्प बसल्या नाहीत. लोक मला घाबरून गप्प बसतात किंवा चिडून सोडून जातात. माझ्या पत्रकातले माड मला दाखवणाऱ्या त्या एकट्या.

पंचनाम्यात भरावाची नोंद झाली. डेब्रिज अजून उचललेलं नाही, डंपर मात्र थांबलेत. काका गेटवर बसतात. गिऱ्हाईकं हळूहळू परत येतायत, सगळी नाहीत. चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी अजून अळू घेतलेलं नाही. मी दर रविवारी एक जुडी घेऊन त्यांची बेल वाजवते. परवा त्यांनी दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं आणि विचारलं, "खाजरं नाही ना?"