दयाळाची दाद

बँडची वाद्यं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला गल्लीत सगळे पिपाणी म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. त्याला डाचत होतं ते वेगळंच. ऐन तरुणपणी बँडमास्तरने, "वरचा स्वर दर वेळी खाली घसरतो तुझा," असं म्हणून त्याला वादकांच्या रांगेतून उठवलं होतं. मास्तरचेच कान खराब होते, हे पिपाणीचं मत. मत अगदी ठाम होतं, कारण ते तपासायला कुणी बसलेलंच नव्हतं.

खिडकीशी त्याचा बाक. बाकावर उघडलेल्या धातूच्या बासऱ्या, चाव्यांखालच्या चिमुकल्या गाद्या, केसाएवढ्या स्प्रिंगा. आतल्या खोलीत थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती इथेच होती. दुरुस्त झालेली प्रत्येक बासरी तो एकाच धुनेने तपासायचा; जी वाजवताना मास्तरने त्याला उठवलं होतं, तीच ही. हवा गळत नाही एवढं कळलं की गिऱ्हाईक बासरी काखोटीला मारून चालू लागे. धून संपेपर्यंत कुणी थांबत नसे.

थांबला तो एक दयाळ पक्षी. काळापांढरा, मुठीएवढा, शेपटी ताठ उभी. एका सकाळी धून सुरू झाली आणि हा खिडकीच्या गजावर येऊन छाती फुगवून गाऊ लागला. पिपाणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने दयाळाची शीळ बासरीवर उचलली, ती वाजवली, मग पुन्हा आपली धून. पुढे रोज तेच: पक्षी गजावरून उडे, फेरी मारी, परत येऊन दुप्पट जोराने गाई.

"ताई, दाद म्हणतात ती ही!"

"दाद कसली? तुला शिव्या घालतोय तो."

"तुला गाण्यातलं काय कळतं?"

"गाण्यातलं नसेल कळत, संसारातलं कळतं. जरा त्या पाइपाकडे बघ."

समोरच्या भिंतीतल्या जुन्या पाइपात दयाळाचं घरटं होतं. करड्या रंगाची मादी चोचीत अळ्या धरून आत-बाहेर करत होती. एकटीच. आत पिल्लांनी आकांत मांडला होता.

"हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटतंय बापड्याला," बहीण म्हणाली. "तुला हाकलण्यात दिवस जातो त्याचा. पोरं उपाशी, आणि तुझी इकडे मैफल!"

"मत्सर वाटतो तुला."

"हो, वाटतो ना! माझ्या पोळ्यांना अशी दाद कधी मिळाली नाही. उद्याचा दिवस ती बासरी खाली ठेव. रसिक असेल तर येईल बिचारा, विचारपूस करायला."

पिपाणी इरेला पेटला. दुसऱ्या दिवशी त्याने बासरीला हात लावला नाही. गाद्या चिकटवत, डोळा खिडकीवर ठेवून बसला. दयाळ आला. गजावर बसला, मान वाकडी करून आत डोकावला. शांतता. रसिकाने शेपटी झटकली, आणि तडक अळ्या गोळा करायला गेला. दिवसभर नवराबायको मिळून पिल्लांच्या चोची भरत होते. गजाकडे कुणी फिरकलं नाही.

रात्री बहिणीने नुसती गरम पोळी वाढली. तिने टोमणा मारायला हवा होता. पिपाणीला ते सोपं गेलं असतं.

त्यानंतर पिपाणी बासऱ्या न्हाणीघरात दार लावून तपासू लागला. "तिथे आवाज चांगला घुमतो," असं त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं. पिल्लं पाइपातून बाहेर पडली, झाडावर गेली, तरी तो न्हाणीघरातच. खिडकीशी बसून वाजवायची लाज वाटत होती.

एका सकाळी बहीण चहाचा कप घेऊन बाकाशी आली आणि तिथेच उभी राहिली. दिव्याच्या खांबावर दयाळ गात होता. स्वतःची शीळ संपवून त्याने पिपाणीची धून धरली. अख्खी, क्रमाने. आणि वरच्या स्वराशी पोहोचताच तो स्वर चांगला ढळढळीत खाली घसरला. पक्ष्याने पुन्हा म्हटली. पुन्हा तिथेच घसरला.

"ऐकलंस?" बहीण म्हणाली. "मास्तर खोटं नव्हता बोलत."

पिपाणीचे कान लाल झाले. इतकी वर्षं ज्याच्या कानांना नावं ठेवली, त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आपलाच शिष्य खांबावर चढला होता.

"घसरतो," तो म्हणाला. कप त्याने हातात घेतला, पण प्यायला नाही. "पण ताई, शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय का पाठ झाली त्याला?"